अर्धवट कुलूप आणि प्रगतीचा हिशोब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापकांनी केलेले भाषण)



ऑगस्ट १९९५ या एकाच महिन्यात तीन घटना घडल्या. ९ ऑगस्टला अमेरिकेतील नेटस्केप या कंपनीचे समभाग प्रथमच बाजारात आले. कंपनीला जन्मून दीड वर्षही झाले नव्हते. तरी २८ डॉलरला देऊ केलेला समभाग त्या दिवशी ७१ डॉलरवर उघडला आणि ५८ डॉलरच्या वर बंद झाला. १५ ऑगस्टला आपल्या देशात विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. आणि त्याच आठवड्यात फ्रान्समधील इन्रिया या सरकारी संशोधनसंस्थेतील दामियाँ दोलिजेझ या संशोधकाने नेटस्केपच्या ब्राउझरने गुप्त केलेला, एका अमेरिकी तज्ज्ञाने आव्हान म्हणून जाहीर केलेला संदेश फोडून दाखवला. त्याला आठ दिवस लागले.

पहिल्या घटनेने वॉल स्ट्रीट हर्षभरित झाला. दुसरीचे आपण कौतुक केले. तिसरी आपल्याकडे फार थोड्यांच्या लक्षात आली. मी आज बोलणार आहे तो या तिसऱ्या घटनेविषयी. कारण तिच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो केवळ संगणकतज्ज्ञांचा नाही. सदोष साधन सदोष आहे हे ठाऊक असूनही लोकांच्या हाती द्यावे काय? त्याने प्रगतीला हातभार लागतो, की प्रगतीचा आभास निर्माण होऊन खरी प्रगती लांबणीवर पडते?

हा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. एखादा अर्धामुर्धा कायदा पुढे येतो तेव्हा आपल्या बैठकांतून दोन सूर निघतात. एक म्हणतो, दगडापेक्षा वीट मऊ. आज मिळते आहे ते घ्या. दुसरा म्हणतो, ही वीट घेतली की भिंत कायमची अर्धीच राहील. दोन्ही सूर प्रामाणिक असतात. त्यांचा निवाडा तत्त्वाच्या हवेत करता येत नाही, तो प्रत्यक्ष उदाहरणावर घासून पाहावा लागतो. ब्राउझरमधील आरंभीच्या कुलपाचा इतिहास हे असे एक स्वच्छ उदाहरण आहे. त्यात एकाच वेळी, एकाच वस्तूत, दोन वेगळ्या जातींचे दोष होते आणि दोन्हींचे पुढे काय झाले हे आज तीस वर्षांनी आपल्याला दिसते.

कुलूप कशाचे?

आपण इंटरनेटवर जे लिहून पाठवतो ते अनेकांच्या यंत्रांतून पुढे सरकत जाते. उघडे पाठवलेले लिखाण हे पोस्टकार्डासारखे असते. वाटेतला कोणीही ते वाचू शकतो. कूटलेखन, म्हणजे ज्याला आज सर्रास एन्क्रिप्शन म्हणतात ते, या पोस्टकार्डाला कुलूपबंद पेटीत घालते. या कुलपाची किल्ली म्हणजे एक मोठी संख्या. कुलूप चांगले की वाईट हे प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरते. शक्य किल्ल्या एकूण किती आहेत, ही पहिली गोष्ट. त्यांतून एक किल्ली निवडताना ती खरोखर फासे टाकल्यासारखी, कोणालाही अंदाज बांधता येणार नाही अशी निवडली जाते काय, ही दुसरी.

तिसरी अडचण मोठी होती. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन माणसांनी एक गुप्त किल्ली ठरवायची कशी? १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी, आणि १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी तिची उत्तरे दिली. तोवर कूटलेखन ही लष्कर, वकिलाती आणि हेरखाती यांची मिरास होती. या शोधांनी ते तत्त्वतः सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. तत्त्वतः म्हणतो, कारण पुढची सतराअठरा वर्षे ते मुख्यतः संशोधनपत्रिका, बँका आणि सरकारे यांच्यापुरतेच राहिले.

नेटस्केपने ते ब्राउझरमध्ये आणले. 'सिक्युअर सॉकेट्स लेयर', थोडक्यात एस.एस.एल., असे त्या व्यवस्थेचे नाव. तिची पहिली आवृत्ती इतकी सदोष ठरली की ती कंपनीबाहेर आलीच नाही. दुसरी १९९५ च्या आरंभी प्रसिद्ध झाली. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी किल्ली दिसे. किल्ली मोडलेली असली तर समजावे की आपले लिखाण उघड्यावरून जात आहे. अखंड असली तर ते सुरक्षित. त्यातही जोडणी मजबूत असेल तर त्या किल्लीला दोन दात असत, दुबळी असेल तर एक. आता सांगा, क्रेडिट कार्डाचा क्रमांक टाईप करणाऱ्या किती ग्राहकांनी किल्लीचे दात मोजले असतील?

एक दोष ठेवलेला, एक राहिलेला

एका दाताच्या किल्लीमागे अमेरिकन सरकारचा कायदा होता. त्या काळी अमेरिकेत प्रबळ कूटलेखन हे रणगाडे, तोफा आणि दारूगोळा यांच्याच यादीत गणले जाई आणि परवान्याशिवाय ते देशाबाहेर पाठवणे हा गुन्हा होता. फिल झिमरमन नावाच्या कार्यक्रमलेखकाने १९९१ मध्ये तयार केलेली कूटलेखनाची मोफत प्रणाली देशाबाहेर पोहोचली, एवढ्यावरून १९९३ पासून त्याच्यामागे फौजदारी चौकशीचा ससेमिरा लागला; १९९६ च्या जानेवारीत तो सुटला. तेव्हा नेटस्केपने दोन आवृत्त्या काढल्या. अमेरिकनांसाठी १२८ बिटांची किल्ली, उरलेल्या जगासाठी ४० बिटांची.

हा फरक तिपटीचा वाटेल, पण तो तसा नाही. दर बिटामागे शक्य किल्ल्यांची संख्या दुप्पट होते. ४० बिटांच्या किल्ल्या सुमारे १ लाख १० हजार कोटी होतात. १२८ बिटांच्या किल्ल्या मोजायच्या तर ३४ वर ३७ शून्ये द्यावी लागतील. पहिला ढीग उपसता येतो, दुसरा उपसण्याची कल्पनाही करता येत नाही. आणि निर्यातीची युक्ती पाहा. किल्ली म्हणायला १२८ बिटांचीच होती; मात्र तिच्यातले ८८ बिट उघड पाठवावेत आणि ४० तेवढे झाकावेत, अशी रचना होती. भक्कम दार बसवून त्याची कडी हेतुपुरस्सर सैल ठेवण्याचाच हा प्रकार. दोलिजेझने सुमारे १२० वर्कस्टेशने आणि दोन समांतर संगणक यांच्या मोकळ्या वेळात हाच ढीग उपसला. यावर कंपनीचा हिशोब असा होता की एक संदेश फोडायला सुमारे १० हजार डॉलरची यंत्रशक्ती खर्ची पडली, तेव्हा एका कार्डाच्या क्रमांकासाठी हा उद्योग कोण करील? हिशोब त्या दिवसापुरता खोटा नव्हता. परंतु ज्या वस्तूची किंमत दर वर्षी घसरते आहे, तिच्या आजच्या किमतीवर उद्याची सुरक्षितता उभी करणे हे अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मान्य होणार नाही.

दुसरा दोष महिन्याभरातच, सप्टेंबर १९९५ मध्ये, उघडकीला आला. कॅलिफोर्निया राज्याच्या बर्कली येथील विद्यापीठातील इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी तो शोधला. नेटस्केपने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता गुप्त ठेवली होती. या दोघांनी विकत मिळणाऱ्या वस्तूचेच विच्छेदन केले आणि किल्ली निवडली जाते कशी हे शोधून काढले. किल्लीचे बीज तीन गोष्टींतून तयार होत होते: घड्याळातील वेळ, आणि संगणक आपल्या चालू कामांना देतो त्यांपैकी दोन क्रमांक. ज्याला त्या यंत्रावर प्रवेश आहे त्याला हे क्रमांक ठाऊक होऊ शकतात. सेकंदापर्यंतची वेळ कोणीही सांगेल. मग उरतात सेकंदाचे दहा लाखावे भाग, म्हणजे फक्त दहा लाख शक्यता. संगणकाला त्या तपासायला एक मिनिटही पुरेसे होते.

माझ्या विद्यार्थिदशेत वसतिगृहातील आम्ही चौघांनी एकाच दुकानातून एकाच वेळी कुलपे घेतली. कुलपे जड, पितळी, पाहताच भरवसा वाटावा अशी. एका रात्री चुकून मित्राच्या खोलीला माझी किल्ली लावली आणि दार उघडले. पुढे पाहतो तो चौघांच्याही किल्ल्या एकमेकांना चालत होत्या. कुलपाच्या जाडीत काही कमी नव्हते, पण बनवणाऱ्याने किल्लीचे साचेच मोजके ठेवले होते. नेटस्केपचेही तेच झाले. म्हणून हा दुसरा दोष अधिक गंभीर होता. त्याच्यापुढे अमेरिकनांचे १२८ बिटांचे भक्कम कुलूपही तितकेच निरुपयोगी ठरत होते. ज्या खजिन्यात अगणित किल्ल्या आहेत, तेथील मुनीम रोज एकाच कप्प्यात हात घालू लागला तर उरलेल्या खजिन्याचा उपयोग काय?

बाजू मांडू या

आता 'आधी सदोष का होईना, पण वस्तू बाहेर येऊ द्या' असे म्हणणाऱ्यांची बाजू आपण निष्पक्षपणे मांडू. दुसऱ्या दोषाची बातमी फुटताच थोड्याच दिवसांत कंपनीने दुरुस्त आवृत्ती दिली आणि किल्लीचे बीज तयार करणारा संहितेचा भाग बाहेरच्या तज्ज्ञांच्या परीक्षणासाठी खुला केला. ऑक्टोबरमध्ये तिने दोष शोधून देणाऱ्यांना बक्षिसे जाहीर केली. आज हा प्रघात साऱ्या जगात रूढ आहे. दुसऱ्या आवृत्तीत आणखीही एक खोट होती. दोन यंत्रे कोणते कुलूप वापरायचे याची बोलणी करत असताना मध्ये बसलेल्या लबाडाला ती बोलणी बदलून दुबळे कुलूप लावायला भाग पाडता येत असे. १९९६ मध्ये तिसरी आवृत्ती नव्याने रचली गेली आणि त्यात ही खोट काढण्यात आली. त्याच वर्षी तिची चिकित्सा करणाऱ्या दोघांपैकी एक होता तोच बर्कलीचा वॅग्नर. १९९९ मध्ये ही व्यवस्था एका कंपनीच्या हातून सुटून खुल्या, सर्वसंमत मानकाच्या स्वरूपात आली. तेच मानक सुधारत सुधारत २०१८ च्या आवृत्तीपर्यंत पोहोचले. आज आपल्या खिशातील फोन बँकेशी बोलतो तो त्याच घराण्याच्या भाषेत.

तेव्हा निर्दोष वस्तूची वाट पाहत बसले असते तर विद्यार्थ्यांना फोडायला काही मिळालेच नसते आणि १९७६ चे गणित आणखी वीस वर्षे कपाटात राहिले असते, या म्हणण्यात तथ्य आहे. ते मी मान्य करतो.

पण मान्य करताना एक घसरण टाळली पाहिजे. या कथेत सुधारणा झाली ती दोषामुळे नव्हे, दोषाच्या चिकित्सेमुळे. तापाने रोगी बरा होत नाही. ताप दिसला म्हणून वैद्याला बोलावणे जाते, एवढेच. आणि येथे वैद्य कोण होते? फ्रान्सच्या सरकारी संस्थेतील एक संशोधक आणि एका सार्वजनिक विद्यापीठातील दोन विद्यार्थी. त्यांचे श्रम कंपनीच्या ताळेबंदात कोठेही नव्हते. कंपनीने संहिता गुप्त ठेवून त्यांचे काम सोपे नव्हे, अवघडच केले होते. ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने १८८३ सालीच सांगून ठेवले होते की गुप्तता किल्लीत असावी, यंत्राच्या रचनेत नसावी. रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. शंभराहून अधिक वर्षे जुने हे शहाणपण बाजाराच्या घाईत बाजूला पडले आणि सार्वजनिक संस्थांतील माणसांनी ते पुन्हा पुढे आणले.

बाजार स्वतःहून का सुधारत नाही?

ही घाई कोणा एका व्यवस्थापकाच्या स्वभावातून आलेली नव्हती. जॉर्ज अ‍ॅकर्लॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे सार असे की विकणाऱ्याला माल कसा आहे हे ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा चांगल्या मालाची वेगळी किंमत द्यायला तयार होत नाही, आणि हळूहळू चांगला माल बाजारातून उठतो. कुलपाच्या बाबतीत ही विषमता पराकोटीची असते. खराब छत्री पहिल्या पावसात गळते. खराब कुलूप चोर येईपर्यंत चांगल्या कुलपासारखेच दिसते. येथे तर चोर येऊन गेला तरी दार बंदच दिसते! म्हणून मजबुतीवर खर्च करणाऱ्या कंपनीला ग्राहक जास्त पैसे देत नाही. आधी बाजारात येणाऱ्याला मात्र बाजार भरभरून देतो. नुकसान झाले तर ते सोसतो तो कार्डधारक, बँक, दुकानदार. लाभ एकाकडे आणि जोखीम दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली की दोष लवकर दूर करण्याची निकड कोणालाच उरत नाही.

नेटस्केपने आपली इमारत कोणत्या जमिनीवर बांधली हेही विसरू नये. इंटरनेटचे मूळ अमेरिकी सरकारच्या पैशावर १९६९ मध्ये सुरू झालेल्या अर्पानेटमध्ये आहे. वेब जन्मले ते सर्न या युरोपीय सरकारांच्या सामाईक प्रयोगशाळेत, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ते कोणत्याही मोबदल्याशिवाय जगाला देऊन टाकले. नेटस्केपच्या आधीचा मोझेइक हा ब्राउझर इलिनॉय विद्यापीठात सार्वजनिक निधीवर तयार झाला आणि त्याच्या कर्त्यांपैकी मार्क अँड्रीसनच नेटस्केपचा सहसंस्थापक झाला. मी खाजगी धडाडीचे श्रेय नाकारत नाही. परंतु आरंभीचे भांडवल समाजाचे आणि चुका दुरुस्त करणारेही समाजाचे, असे असताना 'बाजाराने ही प्रगती केली' हे विधान अर्धसत्य आहे.

जो दोष मेला नाही

आता पहिल्या, म्हणजे मुद्दाम ठेवलेल्या दोषाकडे वळू. दोलिजेझने तो जगापुढे उघडा केला, त्यावर लेख आले, चर्चा झाली. तरी तो दुरुस्त झाला नाही. कसा होणार? ती चूक नव्हतीच, ते धोरण होते. कंपनीचे हात कायद्याने बांधलेले होते आणि सरकारला हा दोष हवाच होता. परदेशी लोकांची पत्रे वाचण्याची सोय त्यात होती. निर्यातीचे नियम खऱ्या अर्थाने सैल व्हायला २००० साल उजाडले. दरम्यान त्या कायद्याने काय साधले? ऑस्ट्रेलियात एरिक यंग यांनी एस.एस.एल.ची प्रबळ, खुली आवृत्ती लिहिली आणि ती जगभर पसरली. ज्यांना खरोखर लपवायचे होते त्यांना साधन मिळाले; दुबळे कुलूप पदरी पडले ते निमूटपणे मिळेल ते वापरणाऱ्या सामान्य माणसाच्या.

आणि कायदा गेला तरी दोष गेला नाही. जुन्या दुबळ्या किल्ल्या ओळखण्याची सोय लक्षावधी सर्व्हरांच्या संहितेत तशीच पडून राहिली. मार्च २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की मध्ये बसलेल्याने थोडी लबाडी केली तर आधुनिक ब्राउझरलाही ती नव्वदीच्या दशकातील निर्यातीची किल्ली स्वीकारायला लावता येते, आणि ती किल्ली शंभरेक डॉलरच्या भाड्याच्या यंत्रशक्तीवर काही तासांत फोडता येते. हे दाखवणाऱ्यांत पुन्हा इन्रियाचे संशोधक होते. या दोषाला बळी पडू शकणाऱ्या संकेतस्थळांत अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळही निघाले! दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात वीस वर्षांनी स्वतःचाच पाय गेला. मे महिन्यात त्याच जातीचा आणखी एक दोष सापडला. मार्च २०१६ मध्ये तर असे सिद्ध झाले की कोणी १९९५ ची ती दुसरी आवृत्ती केवळ अडगळीत चालू ठेवली असेल, तर तिच्या वाटेने नव्या कुलपालाही धोका पोहोचतो.

साथींनो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. नजरचुकीने राहिलेला दोष उघड झाल्यावर काही दिवसांत गेला. सत्तेच्या सोयीसाठी ठेवलेला दोष उघड होऊनही वीस वर्षे जगला. दोन्हींना 'अपूर्णता' या एकाच शब्दात कोंबून 'अपूर्णतेतूनच प्रगती होते' असे म्हणणे ही शब्दांची फसवणूक आहे.

या बाबतीत आपले सरकारही शहाणे ठरले नाही. खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे परवाने दिले गेले तेव्हा त्यांत अट होती की ४० बिटांपेक्षा मोठी किल्ली परवानगीशिवाय वापरता येणार नाही. दोलिजेझने ४० बिटांचा फोलपणा जगाला दाखवून दिल्यानंतरची ही गोष्ट आहे. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटांची शिफारस केली. म्हणजे एक खाते सांगते, कडी सैल ठेवा. दुसरे सांगते, घट्ट लावा. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये कूटलेखन धोरणाचा एक मसुदा प्रसिद्ध झाला. गुप्त केलेल्या संदेशांचे मूळ, उघडे रूप नागरिकांनीही ९० दिवस जपून ठेवावे, अशी त्यात तरतूद होती. सर्व बाजूंनी टीका झाली आणि मसुदा लगोलग मागे घेण्यात आला. ती टीका करण्यात आपण कितीजण होतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

उघडी विहीर आणि गाळ

यावर आपल्यातील काहींचे उत्तर तयार असते: सारे खुले करा, सर्वांना संहिता पाहू द्या, दोष आपोआप नाहीसे होतील. हाही भाबडेपणा आहे. २००६ मध्ये डेबियन या खुल्या प्रणालीत कोणीतरी केलेल्या बदलाने किल्ली निवडण्याची सारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली. उरला तो केवळ कामाचा क्रमांक. नेटस्केपच्याच चुकीचा हा पुनर्जन्म! संहिता सर्वांसमोर होती, तरी २००८ पर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाने गाजलेला दोष ओपन-एस.एस.एल. या खुल्या प्रणालीत सापडला; तो दोन वर्षे तेथे होता. जगातील सर्व्हरांचा फार मोठा भाग या प्रणालीवर विसंबून होता, अब्जावधी डॉलरच्या कंपन्या ती फुकट वापरत होत्या, आणि तिची निगा राखणाऱ्या मूठभर माणसांना मिळणाऱ्या देणग्या वर्षाला सुमारे २ हजार डॉलर होत्या.

गावाची विहीर सर्वांना खुली असणे हे आवश्यकच आहे. परंतु उघडी विहीर म्हणजे स्वच्छ विहीर नव्हे. कोणीतरी उन्हाळ्यात आत उतरून गाळ काढावा लागतो आणि त्याची मजुरी गावाने द्यावी लागते. सार्वजनिक वस्तू फुकट वापरली जाते आणि तिच्या देखभालीला कोणी पुढे येत नाही, हा अर्थशास्त्रातील जुना सिद्धांत; कूटलेखनात त्याचा पडताळा शब्दशः आला. हार्टब्लीडनंतरच मोठ्या कंपन्यांनी हात सैल केला.

उलट बाजूचेही उदाहरण देतो. संकेतस्थळाला कुलूप बसवायचे तर त्याची ओळख पटवणारे प्रमाणपत्र लागते. अनेक वर्षे ते विकत घ्यावे लागे. साहजिकच बँका आणि मोठी दुकाने कुलूपबंद, आणि छोटी संस्था, शाळा, नियतकालिके उघड्यावर. २०१५ च्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट' या ना-नफा तत्त्वावरील उपक्रमाने ती प्रमाणपत्रे विनामूल्य देण्यास आरंभ केला आणि थोड्याच वर्षांत वेबवरील बहुतांश वाहतूक कुलपाआड गेली. वीस वर्षांत बाजाराने जे केले नाही ते एका सामाईक व्यवस्थेने केले.

एक कबुली आणि एक कसोटी

शेवटी एक कबुली देतो. नव्वदीच्या दशकात वर्गात एका विद्यार्थ्याने मला या विषयावर प्रश्न विचारला होता. मी म्हणालो, 'ज्यांच्याजवळ क्रेडिट कार्ड आहे त्यांनी काळजी करावी. ज्याच्या घराला दारच नाही त्याला कुलपाचे काय?' वर्ग हसला आणि मला आपण फार समाजवादी बोललो असे वाटले. ती माझी चूक होती. आज आमच्या दारी भाजी आणणाऱ्या बाई पैसे फोनवर घेतात. मजुरी, निवृत्तिवेतन, अनुदान खात्यात जमा होते. संघटनेच्या बैठकीचा निरोप फोनवर जातो. कुलूप आता सर्वांच्या दाराला आहे. आणि ते सैल असले तर श्रीमंताला नुकसान भरून घेण्याचे मार्ग असतात. भाजीवाल्या बाईंचा महिना बुडतो. गोपनीयता ही चैन आहे असे आपण मानत राहिलो तर आपल्याच माणसांचे दार आपण उघडे टाकू.

तेव्हा वीट घ्यावी की नाकारावी? घ्यावी, पण मी तीन गोष्टी विचारून घेईन. हिच्यात काय कमी आहे हे देणारा उघडपणे सांगतो काय? ती कमतरता तपासण्याचा अधिकार, आणि तपासणाऱ्याला मोबदला, समाज देतो काय? आणि ही वीट बदलण्याचा मार्ग खुला आहे, की ती अर्धी राहण्यातच कोणाचा तरी लाभ आहे? पहिल्या दोहोंचे उत्तर होय असेल तर अपूर्ण साधन ही प्रगतीची पायरी आहे. तिसऱ्याचे उत्तर 'अर्धी राहण्यातच लाभ आहे' असे असेल, तर ती पायरी नव्हे, अडसर आहे, मग तिच्यावर सुरक्षेचे नाव कितीही ठळक कोरलेले असो.

उद्या पुन्हा कोणी म्हणेल की गुन्हेगार पकडण्यासाठी कुलपात सरकारपुरती एक चोरवाट ठेवू या. त्या गुन्हेगारांचा प्रश्न खोटा नाही आणि त्याला तपासाची साधने दिलीच पाहिजेत. परंतु चोरवाट माणूस ओळखत नाही. १९९५ ची ती ४० बिटांची वाट शत्रूंसाठी ठेवलेली होती, आणि २०१५ मध्ये ती ठेवणाऱ्यांच्याच अंगणात निघाली. गणिताला सरकारी शिक्का वाचता येत नाही, एवढे आपण या इतिहासातून शिकलो तरी आजचा वर्ग सार्थकी लागला असे मी समजेन.